आंबवतीच्या वरची माणसे, खालची माणसे

करंजघळ,
मार्गशीर्ष, १९९७

प्रिय उमा,

आशीर्वादाने सुरू होणारा मायना मी शाळेत मुलांकडून वर्षानुवर्षे घोटवून घेतला आणि तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात तो स्वतःही पाळला. आज तो मुद्दाम गाळला आहे. वडीलधाऱ्याने लेकीला लिहावे तसे हे पत्र नाही, एवढेच आरंभी सांगतो. कारण पुढे स्पष्ट होईल. न झाल्यास दोष माझ्या मांडणीचा समजावा.

तुझी आई बरी आहे. गुडघ्यांची तक्रार थंडीबरोबर वाढली आहे, पण उठण्याबसण्याचे काम कमी करायला ती तयार नाही. यंदाचा इंद्रायणी तांदूळ चांगला उतरला. त्यातला तुझा वाटा तिने वेगळा काढून ठेवला आहे. तो नेणार कोण, असे मी विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की मी चष्मा पुसायला घेतला. मागच्या दारचा फणस वादळात उन्मळला. उत्कर्षाचे पत्र पोहोचले. त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मी ते परत पाठवले म्हणून ती रुसली असल्याचे जावईबापूंनी कळवले आहे. तिला सांग की आजोबांनी तुझ्या आईचीही पत्रे अशीच परत पाठवली होती, आणि त्याचे तिचे काही बिघडले नाही.

आंबवती नदी अजून वाहते आहे. मार्गशीर्षातही मळईच्या डोहात पाणी कमरेएवढे आहे आणि तळाचे गोटे मोजता येतील इतके ते नितळ आहे. तू ज्या खडकावरून उड्या मारायचीस तो यंदा बुडापर्यंत उघडा पडला. त्याच्या पाठीवर आता तांबड्या रंगाचा एक बाण आहे. त्या बाणाची हकिकत तुला तुकड्यातुकड्यांनी कळली असेल, परंतु ती आरंभापासून तुला कोणीच सांगितलेली नसावी. निदान मी तरी नाही. दोन यात्रा तू आली नाहीस आणि पत्रांतून आपण दोघेही पिकापाण्याचे आणि तब्येतींचेच लिहीत राहिलो.

मोजणीवाले आले ते चार वर्षांपूर्वी, ऐन भात लावणीनंतर. तिपाई, दुर्बीण, पट्ट्यापट्ट्यांच्या काठ्या, असा संसार घेऊन ते उंब्रजहून एसटीने आले, आणि शेवटचा रस्ता चिखलात गेलेला असल्यामुळे सामान डोक्यावर घेऊन वर चढले. रस्त्यासाठी आपल्या गावाने किती अर्ज केले हे तुला ठाऊक आहे. निम्म्या अर्जांचा मसुदा तूच सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होतास. त्यामुळे मोजणी म्हणजे रस्त्याची मोजणी, याविषयी कोणाच्या मनात शंकाच आली नाही. तरी मी त्यांच्या प्रमुखाला विचारले. तो सज्जन मुलगा होता. तो म्हणाला, "रस्तासुद्धा होणार आहे, गुरुजी." त्यातल्या 'सुद्धा'वर मी थांबायला हवे होते, असे आता अनेकजण सांगतात. पण त्या दिवशी सगळे गाव त्या 'रस्ता'पाशीच थांबले होते.

त्यांना भैरोबाच्या देवळात उतरवले. जेवणाचे काय, हा प्रश्न निघाला, तेव्हा उपाय मीच सुचवला. वाईला शिकत असताना मी वार लावून जेवलो होतो: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, याप्रमाणे. परक्या मुलाला गाव कसे पोसते हे मी अनुभवलेले होते, आणि आपल्या गावालाही ते करता यावे अशी माझी हौस होती. मोजणीवाल्यांना वार लावून दिले. आपल्याकडे गुरुवार होता. तुझ्या आईने एका गुरुवारी पुरणाच्या पोळ्या केल्या, आणि कटाच्या आमटीत मीठ-मसाला बरोबर झाला का, हे त्या मुलाला दोनदा विचारले. घरोघरी चढाओढ लागली. सयाजीच्या घरी कोंबडा कापला म्हणून शेजारच्या बनुबाईने दुसऱ्या वारी दोन कापले. पावसामुळे काम रेंगाळले, तेव्हा पोरांनी त्यांच्या काठ्या धरून उभे राहण्याचेही काम केले. जाताना त्यांना नारळ आणि टोप्या दिल्या. निरोपाचे भाषण माझेच होते. ते चांगले झाले.

तांबडे बाण आणि आडव्या रेघा ते जाता जाता मारून गेले. देवळाच्या पायरीवर एक, शाळेच्या जोत्यावर एक, डोहाच्या खडकावर एक. मुलांना वाटले, रस्ता इथून जाणार. पुढच्या उन्हाळ्यात नोटीस आली आणि मी ती वाचून दाखवली, तेव्हा कळले की खाली जोडखडकाच्या चिंचोळ्या जागी भिंत उभी राहणार आहे आणि देवळाच्या आणि शाळेच्या रेघांपर्यंत पाणी चढणार आहे. ज्या घरांनी त्यांना जेवू घातले ती सगळी घरे रेघेच्या खाली आहेत. तुझी आई नोटीस ऐकून एवढेच म्हणाली, "त्यो पोरगा मान खाली घालून जेवायचा. मला वाटलं, लाजतोय."

तेव्हापासून आंबवती बचाव समिती आहे, आणि तिचा अध्यक्ष मी आहे. वयामुळे केले असावे. हंबीरराव मात्र म्हणतो की अर्जावर चूक राहू नये म्हणून केले. हंबीरराव आठवतो ना? तुझ्या मागच्या वर्गात होता, 'शुद्धलेखन' हा शब्दच अशुद्ध लिहायचा. आता सरपंच आहे आणि समितीचे सगळे बळ त्याच्या अंगात आहे. मोर्च्यासाठी त्याने फलक रंगवून घेतले. ते मी सातारच्या मोर्च्याआधी ओट्यावर बसून दुरुस्त करू लागलो, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, उद्या आपण सगळी बुडालो तरी तुमी पाण्याखालनं ऱ्हस्व-दीर्घ सांगत बसाल बगा." सगळे हसले. मीही हसलो. फलक मात्र दुरुस्त करूनच गेले.

मोर्चे झाले, निवेदने झाली. जोडखडकापाशी बायकांनी आळीपाळीने ठाण मांडले. तुझी आईही बसायची, गुडघे चोळत. मग खणून पाहणारी यंत्रे येणार असे कळले आणि गावसभेने एक ठराव केला. सूचना हंबीररावाची, भाषा माझी. 'धरणाचा पक्ष घेणाऱ्या कोणालाही या खोऱ्यात अन्न, पाणी अथवा आसरा दिला जाणार नाही.' एकदा अन्न देऊन आपण फसलो, आता अन्नच आपले हत्यार, असा त्यामागचा विचार होता. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तुझ्या आईने विचारले, "कुनालाबी म्हंजी कुनाकुनाला?" मी म्हणालो, ठराव स्पष्ट आहे. ती म्हणाली, "तेच इचारतीया." आणि भाकरी थापायला बसली.

ती का विचारत होती हे मला त्या क्षणी समजले होते, उमा. त्याच आठवड्यात कडेगावच्या पाणी परिषदेची बातमी वर्तमानपत्रात आली होती. तुझ्या सासरच्या, हिंगणमाळच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन तहसिलीवर गेल्या, पुढे तू होतीस, आणि 'आंबवतीचे धरण झालेच पाहिजे' ही मागणी तू वाचून दाखवलीस. छायाचित्रात तुझा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तोंड उघडे होते. बोलताना तुझ्या कपाळावर जी उभी आठी पडते ती त्या धूसर छपाईतही दिसत होती. ते पान गावात कोणी पाहिले नाही असे नाही. पण समितीच्या बैठकीत कोणी अक्षर काढले नाही, आणि मीही काढले नाही. फक्त नानासो तुपे चहा पिताना सहज म्हणाला, "मास्तरांच्या घरात दोन्ही पक्ष हायती. निवडून कोनबी येऊ द्या." त्यावर हंबीररावाने त्याला डोळ्यांनी दटावले. ते दटावणे मला थट्टेपेक्षा जड गेले.

तू त्या बाजूला का उभी राहिलीस, असा प्रश्न मला पडला नाही. तुझ्या लग्नानंतर मी प्रथम हिंगणमाळला आलो तो उन्हाळा तुला स्मरत असेल. टँकर येऊन गेलेला होता आणि तू माळाच्या पलीकडच्या विहिरीवरून घागर घेऊन नुकतीच परतली होतीस. मला तांब्या दिलास. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणी घ्यायचे नाही, ही आपल्या घरची रीत. मी हात जोडले आणि नको म्हणालो. तुझ्या सासूबाईंना त्याचा अर्थ वेगळाच लागला. त्या दारातून म्हणाल्या, "आवं पावणं, घ्या की! पाणी नसलं म्हणून काय झालं, पावण्याला द्यायला हाय आमच्याकडं." त्यांना वाटले की मी त्यांच्या कोरड्या रांजणाची कीव करतो आहे. मी रीत समजावून सांगू लागलो तसे ते अधिकच विपरीत दिसू लागले. तुझे सासरे उठून बाहेर गेले. तू उंबऱ्यात उभी होतीस, तांब्या हातात धरून. दोन्ही अर्थ तुला कळत होते आणि दोन्ही बाजूंना काही सांगता येत नव्हते. शेवटी तू ते पाणी परत रांजणात ओतलेस. एक थेंब बाहेर पडू दिला नाहीस. ज्या मुलीने बारा महिने वाहणाऱ्या डोहात उड्या मारल्या, तिला तांब्या इतका सावकाश ओतताना मी पाहिले. म्हणून वर्तमानपत्रातले ते छायाचित्र पाहून मला राग आला नाही. मला वाटले, आता हिला बोलायला जागा मिळाली.

तरीही ठराव माझ्या भाषेत होता, आणि तो मी मागे घेतला नाही. धरणाला माझा विरोध तेव्हा होता तितकाच आजही आहे, हेही येथेच लिहून ठेवतो.

आता गेल्या महिन्याची हकिकत. दिवाळीनंतर हरणाबाईचा मेंढरांचा कळप नेहमीप्रमाणे घाट ओलांडून आपल्याकडे आला. तुमच्याच माळावरची ही माणसे. भात निघाल्यावर आपल्या रिकाम्या खाचरांत त्यांची मेंढरे बसतात, रानाला खत होते, आणि त्यांना धान्य मिळते. तुझ्या लहानपणी तिची सासू यायची आणि तू कोकरू मागून रडायचीस. यंदा हंबीररावाने त्यांना नदीच्या उतारावरच अडवले. मला बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा मेंढरे पाण्यात तोंड घालून उभी होती आणि पलीकडे हरणाबाई कमरेवर हात ठेवून. पुढचे तिचे शब्द मी जसेच्या तसे देतो. ते दुरुस्त करण्याचा मोह मला झाला नाही.

मला पाहताच ती म्हणाली, "आवं मास्तर, ह्यो काय म्हनतोय बगा! मेंढरास्नी पाणी पाजायचं न्हाई म्हनं. माझ्या मेंढरांनी कुठं अर्ज केलाय वं धरणासाठी?"

पोरे हसली. हंबीरराव हसला नाही. तो म्हणाला, "मावशे, मेंढरांचं जाऊ दे. तू कडेगावच्या सभंला हुतीस का न्हाई? धरान झालंच पायजे म्हनून वरडलीस का न्हाई?"

"वरडले की! घसा बसला हुता माझा. तान लागल्याव माणूस वरडंल न्हाई तर काय गाणं म्हनंल, रं?"

"मंग तिकडंच बसव तुझी मेंढरं."

"कशावर बसवू? दगडावर?" ती पाण्यात दोन पावले पुढे आली. "आन आयक. तुमचं हे रान धरणात गेलं तर आमची मेंढरं कुठं उतरायची? धरान न्हाई झालं तर उन्हाळा खातोय, झालं तर हिवाळा जातोय. मी दोनी बाजूची हाय, गड्या. म्हनून तर माझं कुनीच ऐकत न्हाई."

 हंबीररावाकडे ठराव होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत आदराने म्हणाला, "तुमीच सांगा, मास्तर. तुमीच लिवलाय." तो कुचेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच निर्णय हवा होता. खोऱ्यातली माणसे इतकी वर्षे एकत्र टिकली आहेत ती ठरवलेले पाळतात म्हणून, आणि एकाला सूट दिली की उद्या यंत्रवाल्यांनाही कोणीतरी मावसभाऊ म्हणून घरात घेईल, ही त्याची भीती अनाठायी नव्हती. मी उभा राहिलो. काठीने गोटा हलवत राहिलो. मग म्हणालो की ठराव करताना मी 'पक्ष घेणाऱ्या' म्हणजे यंत्रे आणणारे, असे मनात धरले होते. तहानेने ओरडणारे मनात नव्हते. आणि ते मनात नव्हते हे चालण्यासारखे नाही. मेंढरे माझ्या खाचरात बसतील. हा ठरावाचा भंग आहे, त्यामुळे मी अध्यक्ष राहू शकत नाही. आजच्या बैठकीत दुसरा निवडावा.

हंबीरराव म्हणाला, "राजीनामा कशाला वं? तुमी ऱ्हावा की." मी म्हणालो, नाही, नियम मोडणाऱ्याने खुर्चीवर बसून मोडू नये. तो चिडून निघून गेला, आणि आता अध्यक्ष तोच आहे. अर्ज मात्र अजून माझ्याकडेच तपासायला येतात. आणि आठवडा उलटायच्या आत त्याचा निरोप आला: "मास्तरांचं झालं की मेंढरं माझ्या वरच्या रानात पाठवा. पण बोभाटा नको." कळप आता त्याच्याच रानात आहे, आणि बोभाटा सगळ्या खोऱ्यात झाला आहे.

हरणाबाई आपल्या ओट्यावर चहा प्यायला आली. तुझ्या आईने तिला भाकरी वाढली आणि दोघी बराच वेळ तुझ्याविषयीच बोलत होत्या. मी आत वाचत असल्याचे सोंग केले. सरकार धरणग्रस्तांना तुमच्याच माळावर जमिनी देणार आहे, ही बातमी तिने मला आतच हाक मारून सांगितली. "मंग मास्तर, लेकीच्याच दारात ऱ्हायाला येताय म्हना! रोज भांडायला बरं." तुझ्या आईला हसू आवरेना. मलाही ते चित्र डोळ्यांपुढे आले: तुझ्या शेताच्या बांधावर पत्र्याचे माझे घर, आणि मी तिथे बसून तुला नळाला पाणी किती वाजता आले ते विचारतो आहे. हसण्यासारखेच होते. पण नंतर ती गंभीर झाली आणि तिने जे सांगितले त्यानंतर मला पुस्तक मिटावे लागले.

ती म्हणाली, "तुमची उमा आता बोलत न्हाई, मास्तर. कराडात धरणाची सुनावणी हाय न्हवं, तिथं बायांच्या वतीनं तिनंच बोलायचं म्हनून समद्यांनी ठरीवलं. ती म्हनली, मी न्हाई. दुसरं कुनीबी बोला. का न्हाई, तर घसा धरलाय म्हनं. दोन महिनं घसा धरतोय व्हय कुनाचा? बायका कुजबुजत्यात, बापाची लेक ती बापाचीच. तिची जाव तर तोंडाव म्हनली. ती गप. सासरा गप. आन ती न्हाई बोलली तर त्यो उसवाला दादा बोलणार हाय, चारचाकीतनं येतोय त्यो. त्यो उसाचं बोलंल. घागरीचं कशाला बोलंल त्यो?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईने शाई आणि कागद ओट्यावर आणून ठेवले आणि ती नदीवर गेली.

मी तुला आता विचारपूर्वक लिहितो, तेव्हा घाई न करता वाच. कराडच्या सुनावणीत खोऱ्याच्या वतीने मी बोलणार आहे. अध्यक्षपद सोडले तरी हे काम हंबीररावाने माझ्याकडेच ठेवले. मी काय बोलणार हे तुला आधीच सांगतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही. मी सांगेन की नदी म्हणजे साठवून ठेवण्याचे पाणी नव्हे; तिच्या काठाने माणसे, खाचरे, देवराया आणि डोहातले मासे अशी सगळी एक वसाहत उभी असते, आणि ती उचलून माळावर मांडता येत नाही. मी सांगेन की वरून खालपर्यंत लहान लहान बंधारे घातले तर वरचे बुडणार नाहीत आणि खालच्यांना पिण्याचे पाणी मिळेल, असे आमचे म्हणणे कोणी मोजूनही पाहिलेले नाही. अभियंते यावर हसतात हे मला ठाऊक आहे. कदाचित ते बरोबर असतील आणि बंधाऱ्यांचे पाणी हिंगणमाळपर्यंत पोहोचणारच नाही. याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि नसलेले उत्तर असल्यासारखे मी बोलणार नाही.

पण मी बोलेन तेव्हा समोरून काय येईल, याचा विचार मी करत असतो. समोरून तो उसवाला गृहस्थ उठला तर माझे काम सोपे आहे. त्याच्या उसापुढे आमची खाचरे सहज जिंकतील. निदान ऐकणाऱ्यांच्या मनात तरी. सभागृहातली माणसे माझ्या म्हातारपणाकडे पाहतील, त्याच्या अंगठ्यांकडे पाहतील, आणि टाळ्या मला मिळतील. हंबीररावाला तर हीच गोष्ट आशेची वाटते. "उमाताई बोलली न्हाई तर आपलं बरंच हाय की," असे तो परवा म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून लगेच इकडचे तिकडचे बोलू लागला. असा विजय मला नको आहे, असे म्हणण्याइतका मी उदार नाही; मला विजय हवा आहे. करंजघळ बुडू नये याकरिता मी उरलेले आयुष्य देईन. परंतु तहानेचा पक्ष तिथे कोणी मांडलाच नाही, म्हणून आम्ही वाचलो, तर आमच्या डोहाकाठी बसून मला दुपारचे पाणीही गोड लागणार नाही. आणि तू तर तिथे असशील, मागच्या रांगेत, घसा धरल्याचे सांगत. तुझ्या जावेच्या तोंडून आलेले ते वाक्य जन्मभर तुझ्या कानांत राहील. त्या गावात तुला अजून अनेक वर्षे पाणी भरायचे आहे, मला नाही.

तू माझ्याकरिता गप्प राहिली आहेस, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. दोन यात्रा तू का आली नाहीस हेही मला कळले आहे. आपल्या गावचे अन्न खाऊन आपल्याच गावाविरुद्ध उभे राहायचे नाही, म्हणून तू येथले अन्नच सोडलेस; आणि बापाविरुद्ध बोलायचे नाही म्हणून आता तिकडचा शब्दही सोडते आहेस. दोन्ही सोडून तुझ्या हातात काय उरेल? मी तुला उत्तम मराठी बोलायला शिकवले ते घरात माझी स्तुती करण्यासाठी नव्हे.

म्हणून हे पत्र. उमा, कराडला ये, आणि माझ्याविरुद्ध बोल. आडपडदा ठेवून, मला सांभाळून, 'आमचे वडील म्हणतात तेही बरोबर आहे' असे मधेमधे घालून बोलू नकोस. तसे बोललीस तर तुझ्या बायकांचा घात होईल आणि माझा अपमान. माझा मुद्दा जिथे कच्चा आहे तिथेच बोट ठेव. तो कुठे कच्चा आहे हे तुझ्याइतके कोणालाच माहीत नाही, कारण तू दोन्ही गावांत राहिली आहेस. अधिकारी ज्याच्या बाजूने द्यायचा त्याच्या बाजूने निकाल देतील. मी हरलो तर गाव जाईल, आणि ते दुःख मी तुझ्यावर लोटणार नाही, हे आजच लिहून देतो. तू हरलीस तर पाणी येणार नाही, आणि ते दुःख तूही माझ्यावर लोटू नकोस, एवढीच मागणी. त्यानंतरच्या यात्रेला ये अथवा येऊ नकोस, पण घसा धरलाय असे सांगू नकोस. मला प्रथम पुकारतील, मग तुला. तुझे नाव येईल तेव्हा ऊठ आणि सरळ अधिकाऱ्यांकडे पाहून बोल. माझ्याकडे पाहू नकोस. पाहिलेस तर तू थांबशील, आणि मीही तुला थांबू नकोस म्हणून भर सभेत ओरडेन.

विरुद्ध बाजूला बसलेला, पण तुझाच,
आप्पा